कागद हरवले, रेकॉर्ड उरली

२५ सप्टेंबर १९९९ च्या रात्री लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या वादकांपुढच्या स्टँडवर जी पानं होती, ती काही वर्षांपूर्वी जगात कुठेच उपलब्ध नव्हती. त्या पानांवरची रचना तीस वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली होती. तिची रेकॉर्ड निघाली, पुढच्या वर्षी अमेरिकेत ती आणखी एकदा सादर झाली आणि त्यानंतर तिची स्वरलिपी गहाळ झाली. १९९९ ला वादकांच्या हातात पडलेली स्वरलिपी त्या जुन्या रेकॉर्डवरून, कानाने ऐकून ऐकून, नव्याने लिहून काढलेली होती.

रचनेचं नाव 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा'. रचनाकार जॉन लॉर्ड, 'डीप पर्पल' या ब्रिटिश रॉक बँडचा ऑर्गनवादक. डीप पर्पल म्हटलं की आपल्याकडेही गिटार हातात घेतलेल्या प्रत्येक पोराला 'स्मोक ऑन द वॉटर'ची सुरावट आठवते. पण या बँडने संगीतात केलेलं सर्वांत धाडसी काम त्या गाण्याच्याही आधीचं आहे, आणि ते समजून घ्यायचं तर १९६९ आणि १९९९ ही दोन्ही ध्वनिमुद्रणं शेजारी शेजारी ठेवून ऐकायला हवीत, असं मला ठामपणे वाटतं.

लॉर्डचा जन्म १९४१ चा, लेस्टर शहरातला. लहानपणापासून तो रीतसर पियानो शिकला. पुढे नाटक शिकायला म्हणून लंडनला आला आणि पोटापाण्यासाठी जॅझ आणि ब्लूज वाजवणाऱ्या मंडळींत मिसळला. एका हाताला बाख आणि दुसऱ्या हाताला ब्लूज अशी त्याची जडणघडण. 'आर्टवुड्स' नावाच्या बँडमध्ये असतानाच त्याच्या हाती डेव्ह ब्रुबेकची एक रेकॉर्ड लागली होती. तीत ब्रुबेकचा जॅझ चमू आणि लेनर्ड बर्नस्टाइनच्या हाताखालची न्यूयॉर्क फिलहार्मोनिक एकत्र वाजत होते. जॅझला जे जमतं ते रॉकला का जमू नये, हा प्रश्न तेव्हापासून त्याच्या डोक्यात घर करून बसला.

१९६८ मध्ये डीप पर्पल उभा राहिला. 'हश' हे त्यांचं पहिलंच गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं; मायदेशात मात्र त्यांना कुणी फारसं विचारत नव्हतं. पहिल्या तीन अल्बममध्ये लॉर्डची ओढ जागोजागी दिसते. तिसऱ्या अल्बममधल्या 'एप्रिल' या लांबलचक गाण्याच्या मधोमध बँड बाजूला होतो आणि त्याने लिहिलेला वाद्यवृंदाचा तुकडा वाजतो. सोबत नाही, नुसता मधोमध. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांना भिडून वाजवायचे, ही उडी अजून बाकी होती.

त्या उडीसाठी लॉर्डला पाठीमागून ढकललं ते बँडचा व्यवस्थापक टोनी एडवर्ड्सने. लॉर्ड ही कल्पना वारंवार बोलून दाखवायचा. एडवर्ड्सने एक दिवस विचारलं, खरंच लिहिशील का? लॉर्ड हो म्हणाला आणि एडवर्ड्सने थेट २४ सप्टेंबर १९६९ या तारखेला रॉयल अल्बर्ट हॉल आरक्षित करून टाकला. हातात जेमतेम काही महिने होते. शंभरेक माणसांच्या ऑर्केस्ट्रासाठी पाऊण-एक तासाची रचना, प्रत्येक वाद्याची ओळ वेगळी, आणि लिहिणारा माणूस आठवड्यातल्या कित्येक रात्री कुठल्या ना कुठल्या गावी कार्यक्रम करत फिरणारा. कार्यक्रम आटोपून घरी पोचायचं आणि कॉफीच्या जोरावर पहाटेपर्यंत लिहीत बसायचं, असं हे काम चाललं.

त्यातच उन्हाळ्यात बँडच बदलला. गायक रॉड इव्हान्स आणि बेसवादक निक सिंपर यांना काढण्यात आलं आणि त्यांच्या जागी इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले. नव्या पाच जणांनी पहिला कार्यक्रम केला तो जुलैत. म्हणजे अल्बर्ट हॉलच्या वेळी या पाच जणांचा संसार अडीच महिन्यांचा होता. गिटारवादक रिची ब्लॅकमोरला नव्या गायकाच्या गळ्यातली ताकद दिसली होती आणि त्याला जोरकस, धारदार रॉक वाजवायचा होता. तसं नवं संगीत त्यांच्या तालमींत आकार घेतही होतं. अशा वेळी सगळं बाजूला सारून व्हायोलिनवाल्यांबरोबर उभं राहायचं, हे त्याच्या फारसं पचनी पडलं नव्हतं. गिलनच्या वाट्याला दुसऱ्या भागातलं गाणं होतं. त्याचे शब्द त्याने अगदी ऐन वेळी लिहून दिले.

ऑर्केस्ट्रा ठरली रॉयल फिलहार्मोनिक. संचालनासाठी आले मॅल्कम आर्नल्ड, आणि इथे लॉर्डचं नशीब खरोखर उघडलं. आर्नल्ड त्या वेळी सत्तेचाळीस वर्षांचे होते. लंडन फिलहार्मोनिकमध्ये त्यांनी प्रमुख ट्रंपेटवादक म्हणून काम केलेलं होतं, 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' या चित्रपटाच्या संगीताबद्दल त्यांना ऑस्कर मिळालेलं होतं आणि सहा सिम्फनी त्यांच्या नावावर होत्या. वादकांच्या खुर्चीत बसलेला माणूस असल्याने वादक कुठे कामचुकारपणा करतात हे त्यांना पक्कं ठाऊक. कुठलंही संगीत उच्च किंवा हलकं म्हणून ते आधीच वेगळं काढत नसत. एका अठ्ठावीस वर्षांच्या रॉकवाल्याने लिहिलेली पानं त्यांनी गांभीर्याने वाचली, दुरुस्त्या सुचवल्या आणि ती रचना आपलीच असल्यासारखी अंगावर घेतली.

याची गरज तालमीत पडली. ऑर्केस्ट्रातल्या अनेकांना हा सगळा प्रकार कमीपणाचा वाटत होता. वर्षानुवर्षं शिकून, परीक्षा देऊन इथवर पोचलेली ही माणसं; समोर केस वाढवलेली पाच पोरं, त्यांतल्या बहुतेकांना स्वरलिपी वाचता येत नाही, आणि त्यांचे अॅम्प्लिफायर असे की व्हायोलिनवाल्याला स्वतःचं व्हायोलिन ऐकू येऊ नये. लॉर्ड पुढे सांगत असे की एक चेलोवादक बाई उठून उभ्या राहिल्या आणि आपण दुय्यम दर्जाच्या बीटल्सबरोबर वाजवायला इथे आलेलो नाही, असं त्यांनी सुनावलं. वादक अर्ध्या मनाने वाजवत होते. ते ऐकून आर्नल्ड भडकले आणि आपल्याच वादकांना त्यांनी शिव्यांसकट फैलावर घेतलं. आज इतिहास घडणारच आहे, तर निदान संगीत तरी नीट वाजवा, असा त्या झापण्याचा मथितार्थ होता. त्यानंतर तालमीचा सूर बदलला.

मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. दोन संगीतपरंपरांचा मिलाफ वगैरे शब्द नंतर रेकॉर्डच्या वेष्टनावर शोभतात. प्रत्यक्षात तो मिलाफ एका कसलेल्या माणसाने आपल्याच लोकांचा रोष पत्करून घडवून आणला होता.

अल्बर्ट हॉल १८७१ चा. वर प्रचंड घुमट, आत पाच हजारांवर माणसं मावतील एवढी जागा, आणि पहिल्या दिवसापासून प्रतिध्वनीची तक्रार. घुमटावर आपटून आवाज परत खाली यायचा. यावर उपाय म्हणून फायबरग्लासच्या मोठमोठ्या तबकड्या छताखाली टांगण्यात आल्या, त्या १९६९ मध्येच. तरीही रॉकचे ड्रम आणि सिम्फनी ऑर्केस्ट्रा एकाच वेळी नांदवण्यासाठी ही वास्तू बांधलेली नव्हती. त्यात आणखी एक मूलभूत अडचण. ड्रमवर बसलेला इयन पेस, वय एकवीस, ठेका स्वतः धरणारा; बाकीचे चौघं त्याच्या ठेक्याला बांधलेले. ऑर्केस्ट्रा मात्र संचालकाच्या हाताकडे पाहून वाजवते आणि एवढ्या मोठ्या चमूचा स्वर त्या हाताच्या किंचित मागून उमटतो. एका मंचावर लयीचे दोन मालक! आजच्यासारखे प्रत्येक वादकाच्या कानाशी त्याला हवा तो आवाज पोचवणारे मॉनिटर तेव्हा नव्हते. आर्नल्ड आणि पेस या दोघांनी एकमेकांवर नजर ठेवूनच ही मोट बांधली असणार.

कार्यक्रमाची सुरुवात आर्नल्ड यांच्या सहाव्या सिम्फनीने झाली. मग बँडने एकट्याने तीन गाणी वाजवली. त्यांतलं एक नवंकोरं 'चाइल्ड इन टाइम'. गिलनचा आवाज त्या घुमटाखाली चढत चढत किंचाळीपर्यंत गेला आणि नवा डीप पर्पल कुठे निघाला आहे, हे जाणत्यांना तिथेच कळलं असेल. त्यानंतर मुख्य रचना.

पहिला भाग म्हणजे उघड भांडण. ऑर्केस्ट्रा बराच वेळ एकटी वाजते, आपलं राज्य असल्यासारखी, आणि मग बँड तिच्यावर तुटून पडतो. दोघं एकमेकांना बोलू देत नाहीत. दुसरा भाग संथ. त्यातल्या दोन सुरावटी कोर आंग्ले हे सुषिर वाद्य आणि बासरी यांच्याकडून येतात, मग हातोहात फिरतात आणि बँड त्यांनाच आपल्या ब्लूजच्या ढंगात वाजवून दाखवतो. गिलन गातो ते इथेच. तिसऱ्या भागात दोघं पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने एकत्र धावतात आणि मध्येच पेसचा प्रदीर्घ ड्रमवादनाचा तुकडा येतो, तेव्हा ऑर्केस्ट्रा हातातली वाद्यं खाली ठेवून ऐकत बसते. शेवटी श्रोत्यांनी एवढं उचलून धरलं की अखेरचा भाग पुन्हा वाजवावा लागला.

रचना निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. पहिल्या भागात काही ठिकाणी तुकड्यांची नुसती आलटापालट होते आणि जोड दिसतात. पण दुसऱ्या भागातलं गाणं संपून ऑर्गन हळूच पुढे येतो तिथे लॉर्डला नेमकं काय हवं होतं ते ऐकू येतं. तिथे कोण उच्च आणि कोण हलकं हा प्रश्न उरतच नाही.

बीबीसीने कार्यक्रमाचं चित्रीकरण केलं आणि एप्रिल १९७० मध्ये ते दाखवलं. रेकॉर्ड डिसेंबर १९६९ मध्ये अमेरिकेत आणि जानेवारीत इंग्लंडमध्ये निघाली. लॉंगप्लेच्या एका बाजूत मावेना म्हणून दुसऱ्या भागाचे दोन तुकडे करून तो दोन्ही बाजूंवर वाटला गेला. बँडची तीन गाणी तर वगळलीच. तरी ही रेकॉर्ड ब्रिटिश यादीत सव्विसाव्या क्रमांकावर पोचली, आणि मायदेशात नाव लागलेला डीप पर्पलचा हा पहिला अल्बम ठरला.

नाव झालं, पण त्यातून घरात धुसफूसही सुरू झाली. वर्तमानपत्रांनी सगळं श्रेय लॉर्डला दिलं. बँड कुठे कार्यक्रमाला गेला की लोक विचारू लागले, ऑर्केस्ट्रा कुठे आहे? ब्लॅकमोर आणि गिलन दोघांनाही हे सहन होईना. पुढचा अल्बम निखळ रॉक असेल असा आग्रह ब्लॅकमोरने धरला आणि लॉर्डने तो मानला. जून १९७० मध्ये 'डीप पर्पल इन रॉक' आला, ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला आणि वर्षाहून अधिक काळ यादीत ठाण मांडून बसला. वाद तिथेच मिटला.

२५ ऑगस्ट १९७० ला लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये लॉरेन्स फॉस्टरच्या संचालनाखाली लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर कॉन्चेर्टो दुसऱ्यांदा वाजला. या ऑर्केस्ट्राचे त्या वेळचे संगीत दिग्दर्शक होते मुंबईत जन्मलेले, मुंबईतच वाढलेले झुबिन मेहता. आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी स्वतः फ्रँक झॅपाच्या रॉक चमूबरोबर याच ऑर्केस्ट्राचं संचालन केलं होतं. त्या दोन-तीन वर्षांत ही हवाच होती. जानेवारी १९७१ मध्ये रविशंकरांचा पहिला सतार कॉन्चेर्टो आंद्रे प्रेविन यांच्या संचालनाखाली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने लंडनमध्ये सादर केला. लिहिलेल्या संगीताच्या शेजारी न लिहिलेलं संगीत बसवायचं कसं, हा प्रश्न रविशंकरांपुढेही होता आणि लॉर्डपुढेही. दोघांनीही ऑर्केस्ट्राला पानं दिली आणि एकल वादनाला मोकळी जागा ठेवली.

हॉलिवूडनंतर स्वरलिपी हरवली. लॉर्ड लिहीत राहिला. बीबीसीसाठी 'जेमिनी सूट', मग 'विंडोज', मग 'साराबांद'. बँड १९७६ मध्ये फुटला, १९८४ मध्ये पुन्हा जुळला, १९९३ मध्ये ब्लॅकमोर कायमचा निघून गेला आणि त्याच्या जागी पुढच्या वर्षी अमेरिकन गिटारवादक स्टीव्ह मोर्स आला. कॉन्चेर्टो पुन्हा वाजवा अशी मागणी अधूनमधून व्हायची, आणि ती मागणी त्या हरवलेल्या कागदांपाशी येऊन थांबायची.

नव्वदच्या दशकात मार्को द खूय हा तरुण डच संगीतकार या रचनेने झपाटला. कुणी सांगितलं नसताना, कुणी पैसे दिले नसताना, त्याने १९६९ ची रेकॉर्ड आणि चित्रीकरण समोर ठेवून संपूर्ण स्वरलिपी पुन्हा लिहायला घेतली. सुमारे दोन वर्षं तो हे करत होता.

या कामाचं स्वरूप नीट पाहायला हवं. गाण्याची चाल ऐकून उतरवणं अनेकांना जमतं. इथे एकाच क्षणी वीसहून अधिक वेगवेगळ्या ओळी वाजत आहेत. वरची सुरावट आणि खालचा बेस ऐकू येतो. पण मधल्या थरात दुसरी व्हायोलिनं काय धरून आहेत, व्हायोला कुठे सरकतात, 'बसून' हे वाद्य चेलोबरोबर आहे की त्याची वेगळी ओळ आहे, हे कळायला तेवढेच दोन सेकंद पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. त्यावर पेसच्या झांजा घणघणतात आणि लाकडी सुषिर वाद्यांचं सगळं बोलणं झाकून टाकतात. चित्रफितीचा उपयोग कुठे, तर कॅमेरा नेमका त्या बाजूला वळला असेल आणि कुणाचे गज हलताहेत ते दिसलं तर. ध्वनिमुद्रण १९६९ चं, प्रतिध्वनीसाठी बदनाम हॉलमधलं. शिवाय जे ऐकू येतं ते लॉर्डने लिहिलेलंच आहे की त्या रात्री कुणी चुकून वाजवलं, हा प्रश्न पानोपानी.

द खूयने आपलं काम नेऊन लॉर्डला दाखवलं. लॉर्ड थक्क झाला. ज्या जागा ऐकूच येत नव्हत्या त्या लॉर्ड, द खूय आणि संचालक पॉल मॅन या तिघांनी मिळून भरल्या. काही ठिकाणी लॉर्डने जुन्या स्वतःला सुधारलंही. अठ्ठावीस वर्षांच्या वयात घाईत लिहिलेलं अठ्ठावन्नच्या वयात पुन्हा हातात आल्यावर कोण सुधारणार नाही?

अशा रीतीने २५ आणि २६ सप्टेंबर १९९९ च्या रात्री आल्या. ऑर्केस्ट्रा आणि रॉक बँड ही जोडी तोवर सर्वपरिचित झाली होती. पाचच महिन्यांपूर्वी मेटालिकाने सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर बर्कलीत दोन रात्री वाजवून ध्वनिमुद्रण केलं होतं. ते जबरदस्त आहे, पण तिथे मुळात बँडची गाणी आहेत आणि ऑर्केस्ट्राने ती भरली आहेत. बहुतेकांचं असंच असतं. लॉर्डच्या रचनेतून ऑर्केस्ट्रा काढली तर उरतं ते अर्धं वाक्य.

दोन्ही रात्रींचा कार्यक्रम ऐसपैस होता. आधी बँडमधल्या प्रत्येकाच्या स्वतंत्र कामातलं काही ना काही वाजलं, कारण लॉर्डला ही रात्र एकट्याची करायची नव्हती. १९७० च्या धुसफुशीचा धडा त्यात दिसतो. ग्लोव्हरच्या जुन्या अल्बममधलं 'लव्ह इज ऑल' रॉनी जेम्स डिओने गायलं, लॉर्डचं 'वेट अ व्हाइल' सॅम ब्राऊनने. मग कॉन्चेर्टो, आणि शेवटी बँडची गाणी ऑर्केस्ट्रासह, 'स्मोक ऑन द वॉटर'पर्यंत.

दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकली की पहिला फरक जाणवतो तो ऑर्केस्ट्रात. १९६९ ला ती जपून, थोडी अंग चोरून वाजते. आर्नल्ड तिला अक्षरशः ओढून नेताहेत. १९९९ ला लंडन सिम्फनीचे वादक या संगीतात घरच्यासारखे वावरतात, तिसऱ्या भागातल्या वेगाच्या जागा मजेत घेतात. त्यांतले कित्येक जण रॉक ऐकतच वाढले असणार. डीप पर्पल पहिल्यांदा अल्बर्ट हॉलमध्ये उभा राहिला तेव्हा या वेळचा संचालक मॅन स्वतः अगदी लहान मूल होता.

दुसरा फरक गिटारमध्ये. द खूयने एवढ्या कष्टाने परत मिळवलं ते लिहिलेलं संगीत. ब्लॅकमोरचं १९६९ च्या त्या रात्रीचं वादन मात्र मुळात कागदावर नव्हतंच, त्यामुळे ते हरवलंही नाही आणि परत मिळवायचाही प्रश्न नव्हता. ते रेकॉर्डवर जसंच्या तसं आहे. मोर्सला ते स्वरासाठी स्वर वाजवता आलं असतं. त्याने ते केलं नाही आणि लॉर्डनेही मागितलं नाही. त्या मोकळ्या जागेत मोर्स आपलं वाजवतो. गोल, गुळगुळीत, वेगवान, ब्लॅकमोरच्या कडवट चाव्याशी काहीही नातं नसलेलं. मला ब्लॅकमोरचाच तुकडा जास्त भिडतो, आणि तरीही मोर्सने नक्कल केली नाही हे योग्यच झालं.

१९९९ चं ध्वनिमुद्रण दोन सीडींच्या संचात बाहेर आलं. पुढच्या दोन वर्षांत बँडने हाच कार्यक्रम दक्षिण अमेरिका, युरोप आणि जपानमध्ये नेला. युरोपात रुमानियाची ऑर्केस्ट्रा सोबत होती, तोक्योत न्यू जपान फिलहार्मोनिक. जी रचना तीस वर्षांत दोनदा वाजली होती ती आता आठवड्याला काही वेळा वाजू लागली. २००२ मध्ये लॉर्डने बँड सोडला आणि पूर्ण वेळ ऑर्केस्ट्रासाठी लिहू लागला.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. कॉन्चेर्टोची सगळी ध्वनिमुद्रणं मंचावरची, धावत्या रात्रींची होती. शांतपणे स्टुडिओत ही रचना कधी मुद्रित झालीच नव्हती. २०११ मध्ये लॉर्डने ते मनावर घेतलं. रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिक, संचालक पुन्हा पॉल मॅन, तीन भागांना तीन वेगळे गिटारवादक, त्यांत मोर्सही, आणि गायकांत आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन. तोवर लॉर्डला कर्करोगाने गाठलं होतं. ध्वनिमुद्रणाची अंतिम प्रत त्याने ऐकली आणि काही दिवसांनी, १६ जुलै २०१२ ला तो गेला. अल्बम ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झाला.